पानकातळावरचं पहिलं पान

कोंडसरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर, एक सपाट खडक आहे. त्याला पानकातळ म्हणतात. आश्विनात नवं धान्य खायच्या दिवशी पाहुणा आला, तर गावातले जुने जाणते धाकू गुरव त्याला आधी तिथं नेतात. "जेवण घरात आहे, पण त्याचं कारण इथं आहे," असं म्हणून बसकण मारतात आणि सांगू लागतात.

दुष्काळात घाटावरून निघालेली चार घरं इथं येऊन टेकली, म्हणे. जवळ ना दाणा, ना बियाणं. डोंगरावर एकटी राहणारी पांगी ठाकरीण त्यांची दशा बघून खाली आली. करांदे म्हणजे रानातले कडू कंद; कडूपणा जावा म्हणून ते राखेच्या पाण्यात कसे उकडायचे ते तिनं दाखवलं आणि माणसं जगली. पावसाच्या तोंडाला तिनं वाळलेल्या पोकळ दुध्या भोपळ्यात जपलेलं वरीचं बी सगळं त्यांच्या ओंजळीत ओतलं.

"आणि तुला गं?" पुढाऱ्याच्या सुनेनं, सगुणानं, विचारलं.

"मला करांदे हायेत. नवं शिजलं का पयलं पान मला आन. मी कातळावर बसन."

वरी भरभरून पिकली. नव्याच्या दिवशी सगुणानं वरीचा भात रांधला, लाल भोपळा शिजवला, पहिलं पान वाढून झाकून ठेवलं. तेवढ्यात घाटावरचे सोयरे दारात! पिकल्याचा वास त्यांना बरा लागला. पंगत बसली, भात संपला आणि एका पाहुण्याचं पान रिकामं राहिलं. सासूनं झाकलेल्या पानाकडे बोट केलं.

"ते दे. डोंगरावरची म्हातारी कुठं पळून जातीया?"

सगुणा घुटमळली. नाही म्हटलं असतं तर सासू चार शब्द बोलली असती, एवढंच. पण चारचौघांत नाक कापलं जाईल ही धास्ती तिलाही होतीच. तिनं ते पान पाहुण्यापुढं ठेवलं. उद्या ताजं रांधून नेऊ, असं मनाशी म्हणाली. उद्या मळणी निघाली, परवा पाहुण्यांची पाठवणी. गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणून कुणी वागत नाही हो. ते कामाच्या नादात घडतं, असं गुरव सांगतात.

पाहुणे गेल्यावर सगुणा पान घेऊन चढली तेव्हा पांगी कातळावरच होती, गावाकडे तोंड करून. पुढ्यात पळसाचं रिकामं पान, उडू नये म्हणून त्यावर दगड. अंग गार पडलं होतं. झोपडीत चूल विझलेली, दुध्या पालथा. करांद्याचं साधं सालही नव्हतं. आपल्याजवळचं होतं नव्हतं ते सगळं तिनं केव्हाच देऊन टाकलं होतं.

सगुणा रडली नाही, म्हणे. रडायचं तोंड आपल्याला उरलं नाही, असं तिला वाटलं.

"वय झालं व्हतं तिचं," सासू समजावू लागली.

"वय झालं व्हतं, आत्याबाई. पर ती वाट बघत व्हती."

सगुणानं पुन्हा कधी वरी तोंडात घातली नाही. नव्याच्या दिवशी ती राख न घालता उकडलेला कडू करांदा खायची, मिठाशिवाय.

आजही कोंडसरीत पहिलं पान कातळावर जातं, त्यावर दगड ठेवतात. तोवर घरात कुणी घास घेत नाही, मग दारात जावई का उभा असेना. खाली आल्यावर प्रत्येकाच्या हातावर करांद्याची एक कडू फोड पडते. पोरं तोंड वाकडं करतात. धाकू गुरव मान खाली घालून सावकाश चावतात. पाहुण्यानं घाईनं पाणी मागितलं, तर तांब्या हातात धरूनच ते म्हणतात, "थोडं थांबा. ती थांबली होती."