कॉजवेवरच्या टाचा

हेदुलीहून जुव्यावर जायचं तर खाडीवरच्या कॉजवेवरूनच जावं लागतं. जुवा म्हणजे खाडीच्या पोटातलं बेट, माडांमध्ये दडलेली एक वाडी. एरवी रिक्षा, टेम्पो सहज पलीकडे जातात. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कॉजवे पाण्याखाली जातो आणि सगळ्यांना अलीकडे थांबावं लागतं. नेमकं तिथेच, कॉजवेच्या तोंडाशी, लीलाकाकी शिवलकरांचं चहाचं दुकान आहे.

पाणी उतरू लागलं की मधल्या टप्प्यावर एक फिकट, खडबडीत पट्टा वर येतो. बाकी सगळं सिमेंट, तेवढा तुकडा जुन्या चुन्याचा. त्यावर वाट्यांसारखे खळगे आहेत आणि ओहोटीनंतरही बराच वेळ त्यांत पाणी राहतं. गावातला माणूस त्या पट्ट्यावर चपला घालून जात नाही. रिक्षावालेही तिथे उतरतात, चपला हातात घेतात, गाडी ढकलत नेतात.

त्या दिवशी कॉलेजातली काही मुलं पाणी उतरायची वाट बघत बसली होती. त्यांच्यातल्या मृण्मयीने विचारलं, "काकी, सगळ्या गावात एक इंग्रजी पाटी नाही, आणि पुलाचं नाव तेवढं इंग्रजी कसं?"

"पूल नाय गो तो," काकी म्हणाल्या. "पूल पाण्याच्या वरनं जातो. हा कधी वर असतो, कधी खाली. साहेब त्याला कॉजवे म्हणाला, आम्हीपण कॉजवे म्हणतो. पण साहेबाचा कॉजवे वेगळा नि आमचा वेगळा. बस, सांगते. पाणी काय लगेच उतरत नाय."

असे सांगतात, की गोऱ्या साहेबांच्या अमलात जुव्यावर जायला धड वाट नव्हती. भरतीला होडी चाले. पण पाणी अर्धं आणि चिखल अर्धा अशी वेळ आली, की होडी रुते आणि माणूस बुडे. मग दोन्ही काठांनी एकमेकांकडे बघत बसायचं.

तेव्हा हेदुलीत आवडी नावाची सुईण होती. दोन्ही काठांवरची पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. स्वभावाने भित्री. माडाची झावळी पडली तरी दचकायची, देवळात घंटा वाजली तरी छातीवर हात ठेवायची. बाळंतिणीच्या खोलीत शिरताना मात्र तिची भीती बाहेर उंबऱ्यापाशी थांबायची आणि ती बाहेर आली की पुन्हा तिला येऊन चिकटायची, असं लोक म्हणत.

तिची एकुलती लेक शेवंती जुव्यावर दिली होती. शेवंतीचं पहिलं बाळंतपण अडलं ते नेमकं त्या अर्ध्या वेळेला. आवडी अलीकडच्या काठावर बोचकं घेऊन उभी. समोर कंबरभर चिखल. वारा खाडीवरून येत होता, त्यामुळे लेकीचा आवाज तिला ऐकू येत होता. होडी तरंगेपर्यंत पाणी चढलं, ती पोचली, तेव्हा शेवंती वाचली होती, तिचं पोर गेलं होतं.

पुढे सडकेचा साहेब आला. त्याने काठीने चिखलात रेघ ओढली आणि म्हणाला, इथे कॉजवे होईल. शब्द गावाने तसाच उचलला. तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की साहेबाने ओढलेली रेघ. मग दगड पडू लागले, रेघेचा बांध झाला आणि कॉजवे म्हणजे तो बांध असं लोक धरून चालले. वरून शिंपल्यांचा चुना आणि विटा कुटून केलेली सुरखी घालून, लोखंडी धुमसाने आणि लाकडी चोपण्यांनी ठोकून दगड जखडायचे होते. पण चुना बसायच्या आधीच उधाण आलं आणि सगळा थर धुऊन घेऊन गेलं. पुन्हा घातला, पुन्हा तेच.

मग त्या शब्दाची चेष्टा सुरू झाली. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं की लोक म्हणायचे, त्याचा कॉजवे झाला. घराचे वासे चढवून कौलं राहिली, की झाला कॉजवे. सगळे हसत. आवडी हसत नसे. शेवंतीला पुन्हा दिवस गेले होते.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या मधल्या दिवसांत भरतीला जोर नसतो; त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. त्या दिवसांत बांधाचा माथा कोरडा राहतो. साहेबाने निरोप धाडला, की या भांगात चुना बसला तर बसला, नाहीतर काम बंद. चुन्याचा थर पडला. आता तो ठोकायचा, तर गावात कुजबुज सुरू झाली, की दोन वेळा गेलं ते उगीच नाही, खाडीच्या मनात नाही. गुरवाने ग्रामदेवी जाखाईला कौल लावला. कौल पडला तो असा, म्हणे, की खाडीच्या पाठीवर लोखंड नको, लाकूड नको, मार नको.

झालं. गावाने धुमस उचलले, चोपणी उचलली आणि देवीची क्षमा मागून सगळी खाडीत टाकली. मुकादम रावजी डोक्याला हात लावून बसला.

"आता काय फुंकर मारून बसवू हा चुना?" तो म्हणाला.

"देवी सांगेल," गुरव म्हणाला.

"उधाण सांगेल आधी," रावजी म्हणाला.

आवडी बांधाच्या टोकाशी उभी होती. ओला चुना उन्हात पांढरा पडला होता आणि उधाण जवळ येत होतं. तिला एकाच वेळी दोन भीती वाटत होत्या, देवीची आणि काठावर उभं राहून ऐकण्याची. दुसरी मोठी निघाली, असे सांगतात. ती तशीच देवळात गेली. देवीसमोर पदर पसरून तिने गाऱ्हाणं घातलं.

"आई," ती म्हणाली, "मार नको म्हणालीस, बरोबर आहे. पण पोर नऊ महिने आतून आईला टाचा मारतं. कुठली आई त्याला मार म्हणते? उलट टाच लागली नाही तर तिचा जीव उडतो. आम्ही तुझीच पोरं. आमच्या टाचा तुला चालतील का, तेवढं सांग. चुना धरेपर्यंत मी माझ्या टाचा उचलून घरी नेणार नाही. त्यानंतर त्या तुझ्याच."

गुरवाने देवीच्या अंगाला फुलांचे कळे लावले. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवा कळा पडला, म्हणजे देवीचा होकार.

आवडी चुन्यात उतरली आणि टाचांनी थर दाबू लागली. शिंपल्यांचा चुना पायाला किती झोंबतो ते ज्याने चुनकळी भिजवली आहे त्यालाच माहीत. थोड्या वेळात तिचे पाय लाल झाले.

"अगो मावशे, सालटं जातील," रावजी काठावरून म्हणाला. "आणि तू एकटी कुठवर पुरणार?"

"एकटी नाय पुरणार, म्हणून तर तुला बोलावते."

"मला?"

"तू पायाळू. जन्मताना तुझे पाय आधी आले. तुझं तोंड मी मागाहून बघितलं, टाचा आधी धरल्या. अख्खा गाव पाठ धरली की तुझ्याकडे लाथ मारून घ्यायला येतो. सगळ्यांच्या पाठीला तुझी लाथ गुणाची, मग खाडीच्याच पाठीला का नको?"

काठावर हशा पिकला. रावजीला हसावं की रागवावं कळेना. मग त्याने धोतर वर खोचलं आणि तो उतरला.

त्यानंतर आवडीने एकेकाला नावाने हाक मारली. नाव घ्यायची आणि म्हणायची, तुला पाय धरून उलटा केला तेव्हा तू रडलास, त्याच टाचा आण. गावात असा माणूस शोधून सापडला नसता, ज्याच्या टाचा तिने धरल्या नव्हत्या. गुरवसुद्धा तिच्याच हातावरचा, तोही आला. पलीकडच्या टोकाकडून जुव्याची माणसं उतरली. बायकांनी ओव्या धरल्या आणि त्या ठेक्यावर सगळं गाव चुना तुडवू लागलं. माणसं पाळीपाळीने बाहेर यायची, पाय धुवायची, खोबरेल चोळायची. आवडी बाहेर आली नाही. तिने शब्द दिला होता. भूक लागली की कुणीतरी तिला जागेवर पेज नेऊन द्यायचं आणि दमली की ती दगडाला टेकून उभ्याउभ्या डोळे मिटायची.

भांग संपता संपता चुन्याने धरलं. इतरांच्या टाचा नुसत्या आपटू लागल्या, ठसा उठेना. मधल्या टप्प्यावर तेवढा थोडा चुना मऊ होता आणि तिथे शेवटपर्यंत आवडी होती. ते खळगे तिचे.

आणि मग उधाण आलं. ऐन दुपारची भरती, कॉजवे पाण्याखाली दिसेनासा झालेला, आणि जुव्यावरून हाळी आली, की शेवंतीच्या पोटात कळा सुरू झाल्यात. वारा खाडीवरूनच येत होता.

आवडीच्या टाचा तेलाच्या चिंध्यांत बांधलेल्या होत्या. उधाणाच्या ओढीत होडी घालता येत नव्हती आणि पाण्याखाली कॉजवेचं काय उरलंय, काय वाहून गेलंय, कुणालाच माहीत नव्हतं. रावजी म्हणाला, "मावशे, मी खांद्यावर घेतो. तुझ्या टाचा आता देवीच्या, त्या टेकायच्या नाय."

"टाचा देवीच्या," आवडी म्हणाली, "बोटं माझी आहेत."

तिने बोचकं डोक्यावर घेतलं आणि चवड्यांवर चालत पाण्यात शिरली. पहिल्या पावलाला ती दचकली, असे सांगतात, कारण पायाखाली चिखल लागला नाही, दगड लागला. ती चालत राहिली. दोन्ही काठांवर माणसं उभी होती. त्यांनी पाहिलं, म्हणे, की खाडी दोन्ही बाजूंनी भरून वाहत होती, पण आवडीच्या घोट्यावर पाणी चढलं नाही. आता खरंखोटं जाखाई जाणे. ती पोचली एवढं मात्र खरं, कारण थोड्या वेळाने तिने एका मुलीला टाचा धरून उलटं केलं आणि त्या मुलीचं रडणं वाऱ्याबरोबर अलीकडे आलं.

आवडीने त्यानंतर जमिनीला टाच लावली नाही. जन्मभर चवड्यांवर चालली. लांबचं बाळंतपण असलं की रावजी तिला डोलीतून नेत असे.

गावात आता चेष्टेला तो शब्द कुणी वापरेना. कॉजवे घालणं म्हणजे काम तडीला जाईपर्यंत माणसाजवळून न हलणं, असा त्याचा अर्थ झाला. आजारी माणसाच्या उशाशी कुणी बसून राहिलं की म्हणायचे, तिने कॉजवे घातला म्हणून तो उठला.

काकी थांबल्या. पाणी बरंच उतरलं होतं. मृण्मयी मगापासून फोनवर काहीतरी शोधत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी मागून हाक मारली.

"काकी," ती हळूच म्हणाली, "इंग्रजांनीपण हा शब्द बाहेरूनच घेतलाय. आधी त्याचा अर्थ ओल्या जमिनीवरचा बांध, मग फरसबंद रस्ता. आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला शब्द आहे. काही पंडित म्हणतात तो चुन्यावरून आला. काही म्हणतात टाचेवरून. टाचांनी तुडवून घट्ट केलेली वाट. अजून त्यांचं ठरलेलं नाहीये."

काकींनी रिकामे पेले विसळून पालथे घातले.

"भांडतात कशाला?" त्या म्हणाल्या. "दोन्ही होतं की. चुनापण होता, टाचापण होत्या. आमच्या साहेबाला माहीत नसेल, पण शब्दाला माहीत होतं."

मग मुलं उठली, चपला हातात घेऊन निघाली. खळग्यांपाशी आल्यावर ती कडेकडेने गेली.

आजही दोन्ही काठांवरचं मूल पहिल्यांदा खाडी ओलांडतं तेव्हा मधल्या पट्ट्यावर थांबून त्याच्या टाचा खळग्यातल्या पाण्याला लावतात. आजही कुणाचं बाळंतपण अडलं की ती लेक आईचा हात धरून म्हणते, "आये, कॉजवे घाल गो." आता बाळंतपणं घरी होत नाहीत, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होतात. तिथल्या बाकावर हेदुलीच्या बायका बसतात, चपला बाजूला काढून, आणि एका ठेक्यावर फरशीला टाचा टेकवत राहतात. आतल्या पोरीला दाराआडून तो आवाज ऐकू जातो. नवी आलेली नर्स पहिल्या वेळी दचकते. दुसऱ्या वेळी ती दार थोडं उघडं ठेवते.