वाराझ राजाची सोयरीक

“उद्या दुपारपर्यंत नकाराचं सबळ कारण सांगा, नाहीतर तुमच्या बहिणीला माझ्या घोड्यावर बसवा!” राजा वाराझने बेशकेन राजाला त्याच्याच दरबारात बजावलं.

वाराझ साठीचा. तीन राण्या करून झालेल्या. कॉकेशसच्या डोंगरांत त्याच्याएवढी फौज कुणाकडे नव्हती आणि ती फौज आत्ता खिंडीत तळ ठोकून बसली होती. त्याला हवी होती बेशकेनची धाकटी बहीण मारेखी. वय वीस.

“ती फार तापट आहे,” बेशकेन म्हणाला.

“माझा घोडाही तापटच आहे!”

“ती घोरते.”

“मला एका कानाने ऐकू येत नाही!” वाराझ मिशीत हसला. “असली कारणं नकोत. डोंगराच्या कायद्यातलं कारण द्या. तसं मिळालं तर तलवारीची शपथ, आल्या पावली परत जाईन.”

आतल्या दालनात राणी झालिना बाळाला पाजत होती. तिलाही असंच एका तहापायी माहेरच्या डोंगरातून इकडे धाडलं होतं. नवरा चांगला निघाला, हे तिचं नशीब. मारेखी शेजारी बसून रडत होती. “वहिनी, मी कड्यावरून उडी टाकीन!”

“तुम्ही का टाकता? त्यांनाच पळायला लावू!” राणीची दासी दारिको म्हणाली. ती धनगराची पोर, जिभेने तिखट. “राणीसाहेब, उद्या मला चार थेंब दूध लागेल.”

“मागे शेळी बांधलीय की.”

“शेळीचंही घेईन. पण चार थेंब तुमचे हवेत!”

झालिना बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने तोंडावर हात दाबून हसू आवरलं.

दुसऱ्या दिवशी भर पंगतीत राणीने स्वतःच्या हाताने चांदीचा पेला वाराझपुढे धरला.

“आधी कारण!” वाराझ गुरगुरला.

“घरच्या बाईच्या हातचा पेला नाकारायचा, हे कुठल्या डोंगराच्या रिवाजात बसतं, महाराज?” दारिकोने विचारलं.

“वाराझने आजवर एकही पेला नाकारलेला नाही! विषबिष नाही ना?”

“छे! उलट याने माणूस वाढतो.”

वाराझने एका दमात पेला रिकामा केला. “वा! गोड आहे. काय होतं?”

“शेळीचं दूध, मध आणि चार थेंब राणीसाहेबांचे.”

वाढप्याच्या हातातलं ताट खणकन खाली पडलं.

“ज्याच्या ओठांना जिचं दूध लागलं, तो तिचा लेक. हा डोंगराचा कायदा!” दारिको म्हणाली. “राणीसाहेब आता आपल्या मातोश्री. मारेखीबाई त्यांची नणंद, म्हणजे आपली आत्या! आत्याशी लग्न कसं लावायचं, महाराज?”

वाराझने आपल्या म्हाताऱ्या सेनापतीकडे पाहिलं. सेनापती खाकरला. “कायदा आहे खरा. माझ्या आजोबांचं खुनाचं वैर अशाच एका पेल्याने मिटलं.”

“पण ही फसवणूक आहे!” वाराझ तलवारीला हात घालत ओरडला. “मी जाणूनबुजून प्यालो नाही!”

“कुठलं तान्हं बाळ जाणूनबुजून पितं, महाराज?”

वाराझच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि तो असा खदाखदा हसला की बाक कलंडला! डोळे पुसत तो पंचविशीच्या झालिनापुढे गुडघ्यांवर बसला. “आई, आशीर्वाद दे!”

“देते. पण आधी ती फौज खिंडीतून काढ, बाळा.”

फौज हलली. खिंडीपलीकडचं हिरवंगार कुरण वाराझने दारिकोच्या बापाच्या मेंढ्यांना कायमचं देऊन टाकलं. तो घोड्यावर बसतो न बसतो, तोच सज्जातून मारेखीचा आवाज आला,

“सांभाळून जा हं, भाच्या! वर वारा आहे, कानटोपी घाल!”