आधी पंगत कुणाची?

ऐका रे पोरांनो, आणि पोरांच्या आजोबांनो, तुम्हीसुद्धा! फार फार वर्षांमागं नदीकाठच्या एका गावात रखमाजी नावाचा शेतकरी राहत होता. रान काळंभोर, पण त्या साली जमिनीखालच्या पेवात पाणी शिरून सगळं धान्य कुजलेलं. घरात ज्वारीचं एकच मडकं उरलं होतं, तेही बियाण्याचं. ते वाया गेलं की पेरायलाच काही नाही!

शेजारी भागाआजीचा मुरमाड माळ होता. आदल्या साली तिनं पेरणीआधी खतासाठी धनगराच्या मेंढ्या शेतात बसवल्या, आणि त्या फुटक्या माळावर ज्वारी डोक्याएवढी उंच झाली. हे बघून रखमाजीला हुरूप चढला. "अगं, मुरमात एवढं, तर आपल्या काळ्या रानात मोती पिकतील मोती!"

त्यानं अख्खा कळपच बोलावला. लेंड्यांचा थरच्या थर पडला. बायको सरू म्हणाली, "अहो, दमानं घ्या. आजीला विचारू तरी."

"त्यात विचारायचं काय?" म्हणत त्यानं बी पेरून टाकलं.

आणि मग काय गंमत सांगू! काळ्या मातीत वर्षानुवर्षं तणाचं बी निजलेलं. खताचा वास लागताच ते खडबडून जागं झालं. "अरे उठा, उठा! पंगत वाढलीय, आणि नवरदेव अजून यायचाय!" कुर्डू, माठ, केना, सगळे एकदमच बसले जेवायला. ज्वारीनं डोकं वर काढलं तेव्हा पत्रावळी पुसून झाल्या होत्या.

रान हिरवंगार दिसू लागलं. ज्वारीच आली समजून रखमाजी हलगी बडवत नाचला! सारं गाव बांधावर लोटलं. भागाआजीनं वाकून एक पान खुडलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे लेका, हे तर तण! माझ्या मुरमात त्याचं बीच कमी. तुझ्या काळ्या मातीच्या पोटात ते ढिगानं. इथं आधी ज्वारी वीतभर होऊ द्यायची, खुरपायचं, मग खत घालायचं."

नवरा-बायको खुरपी घेऊन धावले. दिवस मावळेस्तोवर खुरपलं, पण ज्वारीनं माना टाकल्या होत्या. जिथं मेंढ्या बसल्या नव्हत्या, तेवढी बांधाकडची पट्टी वाचली. तिच्यातून बियाण्यापुरतं निघालं, खायला दाणा नाही. त्या साली दोघांनी कुर्डू-माठाची भाजी खाल्ली, तीही भाकरीविना!

म्हणून सांगतो, जागा आणि वेळ न बघता हात सैल सोडला, की दिलेलं आधी आगंतुकाच्याच पोटात जातं.