पहिला फोन

सर्जन रणदिव्यांपुढे अख्खं मेडिकल कॉलेज चळचळा कापायचं. एमबीबीएसला पहिली आलेल्या मृण्मयी तोरसकरने सत्कारात सांगितलं, "मी भूलशास्त्र घेणार." तसे ते भर सभागृहात कडाडले, "सर्जरी सोडून भूल? पेशंटला भूल देणाऱ्याचं नावही ठाऊक नसतं. काम कोण देणार तुला?"

मृण्मयी शांतपणे म्हणाली, "सर, गेल्या वर्षी तुमचंच ऑपरेशन झालं. तेव्हा पहिला फोन कुणाला केलात?"

भूलतज्ज्ञ बाईंना केलेला तो फोन रणदिव्यांना लख्ख आठवला. 'सामंतबाई, भूल तुम्हीच द्या. सर्जन कुणीही चालेल,' असं त्यांनी अक्षरशः विनवलं होतं.

कालच्या या पोरीकडे ते थक्क होऊन बघतच राहिले. मग खिशातून मोबाइल काढून म्हणाले, "डॉक्टर, तुमचा नंबर द्या."