खोट्याला फिरंगीत काय म्हणतात

"खोट्याला फिरंगी भाषेत काय म्हणतात?"

मिस्कीनशा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"आज पहिलाच दिवस ना? लोक आधी पाणी विचारतात."

"पाणी माझ्या विहिरीत आहे. खोट्याचं सांगा."

"मेंतिरा."

रुद्राजी देसाईने शब्द तोंडात घोळवला. मग डोळे बारीक केले.

"कशावरून?"

"काय कशावरून?"

"कशावरून असंच म्हणतात?"

फकीर हसला. दोन दात उरले होते, तेही हसले.

रुद्राजी खाडीच्या अलीकडच्या मुलखाचा धनी. संस्कृत येत होतं, फारसी येत होती, आणि आपल्याला माणूस ओळखता येतो असा त्याचा दांडगा समज होता. संशय तर अंगात मुरलेला. जेवताना पहिला घास कुत्र्याला घाली. कुत्रं मजेत शेपूट हलवू लागलं, की कुत्र्याचाही संशय घेई.

फकिराने तरुणपणी फिरंग्यांच्या जहाजावर कैदी म्हणून वल्ही मारली होती. सुटून आला तो त्यांची भाषा घेऊनच आला. गाव त्याला हेर म्हणे, आणि पोरांना ताप आला की ताईतही त्याच्याकडूनच नेई.

अशा माणसाच्या पायाशी रुद्राजी येऊन बसला, याला कारण त्याचा धाकटा भाऊ. नागोजी पलीकडच्या फिरंगी किल्ल्यात कैद होता. देसायांच्या कोठडीत दोन फिरंगी गोलंदाज होते. ते द्यायचे, भाऊ घ्यायचा, एवढाच सौदा. पण सौदा बोलायचा तर मध्ये इनास दुभाष्या.

"आणि इनासवर तुझा भरवसा नाही," फकीर म्हणाला.

"तुमच्यावर तरी कुठे आहे?"

"मग शिकणार कसा?"

"पडताळून."

फकिराने मान हलवली. जाळ्याला एक गाठ मारली.

"चावीला ते चाव म्हणतात," तो म्हणाला. "पावाला पांव."

रुद्राजी ताडकन उठला.

"मला खुळा समजलात? आमचेच शब्द वाकडे करून मला विकताय!"

"बस खाली. तुमचे नाहीत ते. त्यांचेच तुमच्या घरात शिरलेत. रोज बोलतोस, कधी पडताळले नाहीस."

...

रुद्राजी रोज येऊ लागला. भाऊ म्हणजे इर्मांव. दोरी म्हणजे कोर्द. डोकं म्हणजे काबेस. कुत्रा म्हणजे कांव. फूल, पाऊस, भात असले शब्द तो घेतच नसे. फकिराने दिलेच तर ऐकून सोडून देई.

एक दिवस फकीर म्हणाला, "काल बंदरावर गेला होतास."

"कोण म्हणालं?"

"माझे शब्द त्या काळ्या गलबताच्या तांडेलाला विचारून पाहिलेस."

रुद्राजी जराही ओशाळला नाही. "पाहिले. सगळे बरोबर निघाले."

"निघणारच. त्याला मीच शिकवलेत."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही असं म्हणतात. कुत्र्याचं मात्र चांगलं झालं.

...

मग एका दुपारी तो आला तो धापा टाकतच.

"पकडला," तो म्हणाला. "इनासला पकडला."

"बस. काय झालं ते सांग."

"आज बोलणी होती."

बोलण्यांची तिथली रीत अशी. फिरंगी अलीकडच्या काठाला पाय लावत नसत, देसाई पलीकडच्या. खाडीच्या मधोमध दोन होड्या एकमेकींना भिडवायच्या. एकीत रुद्राजी आणि त्याचे तलवारवाले, दुसरीत किल्ल्याचा कप्तान आणि त्याचे बंदूकवाले. इनास एक पाय या होडीत आणि एक पाय त्या होडीत ठेवून उभा राही.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," रुद्राजी म्हणाला. "दोन दगडांवर पाय ठेवणारा ऐकला होता. हा दोन होड्यांवर ठेवतो."

"होड्या लांब गेल्या तर फाटणार कोण?"

"ते राहू द्या. कप्तान किती बोलला सांगू? एखादी पोथी वाचून व्हावी इतकं बोलला. तोंड लाल झालेलं. मी कान देऊन ऐकत होतो. इर्मांव म्हणाला. कोर्द म्हणाला. काबेस तर दोनदा. आणि हा इनास माझ्याकडे वळून काय सांगतो? 'कप्तानसाहेब म्हणतात, भाऊ खुशाल आहे, उद्या बदलाबदल करू.'"

फकिराने जाळ्याला आणखी एक गाठ मारली.

"दोरी कुठे गेली, बाबा? डोकं कुठे गेलं? सगळं गिळलं त्याने. तो त्यांचा माणूस आहे."

"तो खोटं बोलला."

"तुम्हीही म्हणताय?"

"म्हणतो. दोरीला दोरी न म्हणणं म्हणजे खोटंच."

रुद्राजीच्या छातीवरचा धोंडा उतरला. महिनाभर त्याला कुणी बरोबर आहेस असं म्हटलं नव्हतं.

"मग मला एकच वाक्य द्या," तो म्हणाला. "'हा माणूस खोटं बोलतो.' एवढंच. उद्या मी कप्तानाला तोंडावर सांगतो. इनासला होडीतून खाली ढकलतो. पुढचं मी आणि कप्तान, समोरासमोर."

"एले मेंते," फकीर म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच."

"एले मेंते," रुद्राजी म्हणाला. पुन्हा म्हणाला. जिभेवर चांगलं बसलं. तो जायला उठला.

"जरा थांब," फकीर म्हणाला. "कप्तानाचं सांगितलंस. तुझं सांग. तू काय बोललास आज?"

"मी?" रुद्राजीने मिशीवर हात फिरवला. "मी सोडतो होय? म्हटलं, त्या डुकराला सांग. नागोजीच्या केसाला धक्का लागला तर तुझ्या किल्ल्याचा दगड न् दगड खाडीत लोटीन. तुझं मुंडकं माझ्या गुरांच्या गोठ्यावर टांगीन. आणखीही बरंच बोललो."

"इनासने सांगितलं ते कप्तानाला?"

"सांगितलं की."

"किती वेळ बोलला इनास?"

रुद्राजी थबकला.

"...थोडंच."

"त्यात काबेस होतं?"

"नाही."

"मग कप्तानाने काय केलं?"

"काय करणार? घाबरला."

"घाबरून काय केलं?"

रुद्राजी आठवू लागला. आठवलं ते सांगावं की नाही, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"टोपी काढली," तो म्हणाला. "आणि जरा वाकला."

फकिराचा जाळ्यावरचा हात थांबला.

"आणि म्हणाला... म्हणजे इनास म्हणाला, की कप्तान म्हणाला... नागोजीच्या पायातली बेडी आजच काढतो."

खाडीवरून वारा आला. जाळं ओट्यावर हललं.

रुद्राजी हळूच खाली बसला. नजर पलीकडच्या किल्ल्यावर गेली.

"माझंही गिळलं त्याने," तो म्हणाला.

फकिराने मान डोलावली.

"पण का? यात त्याला काय मिळतं?"

"दोन्हीकडे हत्यारं. मध्ये तो उभा."

"म्हणजे स्वतःच्या जिवासाठी."

"असेल. तुझा भाऊही त्याच जिवाला टांगलाय."

रुद्राजीचा संशय काही एवढ्याने मरणारा नव्हता. त्याने फकिराकडे तिरकं पाहिलं. हा आणि इनास मिळालेले तर नसतील? हाही एके काळी फिरंग्यांच्याच जहाजावर होता. पण कप्तानाची काढलेली टोपी डोळ्यांसमोरून हलेना. जी शिवी त्याने दिली होती, तिला टोपी काढून कुणी वाकत नाही.

"बाबा," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "मला भीती वाटते. आई गेली तेव्हा नागोजी रांगत होता. मीच त्याला कडेवर वाढवलाय."

"माहीत आहे."

"उद्या कप्तान पुन्हा तसंच बोलणार."

"बोलेल. हातचा कैदी द्यायचा म्हणजे कुणाचंही तोंड सुटतं."

"आणि आता मला कळणार."

"कळणार. मीच शिकवलंय."

"मग इनासच्या नादी लागत नाही. गप्प बसतो. झालं?"

फकिराने जाळं गुंडाळून बाजूला ठेवलं. सरकत सरकत तो रुद्राजीच्या अगदी समोर येऊन बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"बस गप्प," तो म्हणाला.

आणि तो फिरंगीत बोलू लागला. आवाज चढवला नाही. इर्मांव आला. त्याच्या मागून कांव आला. कोर्द आला, काबेस आलं, मधले कितीतरी शब्द रुद्राजीने शिकलेलेच नव्हते. मग आई आली, त्यांची 'मांय'. ती न शिकवताच कळली.

रुद्राजीचा हात कट्यारीवर गेला.

फकीर थांबला.

"हात तिथे गेला, की नागोजी गेला," तो म्हणाला.

रुद्राजीने हात काढून घेतला. घाम पुसला. मांडीवर दोन्ही पंजे पालथे ठेवले.

"पुन्हा बोला."

फकीर पुन्हा बोलला. तेच शब्द, तीच आई. या वेळी हात हलला नाही. नाकपुड्या मात्र फुलल्या, आणि मान कानापर्यंत लाल झाली.

"गेला," फकीर म्हणाला. "कप्तानाला डोळे आहेत. बंदूकवाल्यांनाही आहेत."

"मी काहीच बोललो नाही!"

"बोलायला लागत नाही."

रुद्राजीने डोळे मिटले. उघडले. पाण्यात काठी बुडवावी तसा राग खाली दाबला.

"पुन्हा."

ऊन ओट्यावरून उतरून पायऱ्यांवर गेलं. फकिराचा घसा बसला, तरी तो बोलत होता. दोरी, कुत्रा, डोकं, भाऊ, आई. रुद्राजी बसून होता. हात जागेवर, मान जागेवर, श्वास संथ. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलत नव्हती. फक्त एका शब्दाला त्याची डावी पापणी किंचित लवली.

फकीर बोलता बोलता थांबला. त्याने त्या पापणीकडे बराच वेळ पाहिलं.

"अजून कळतंय तुला."