गाडी म्हणायची की घर?

सांगलीतल्या एका सोसायटीचे चेअरमन दाबकेसाहेब म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. पुस्तकात नसलेले नियमही त्यांच्याच तोंडून निघत. तिथल्या इंदूताई टिपरे एसटीतल्या निवृत्त कंडक्टर. आता मनसोक्त भटकायचं म्हणून त्यांनी जुन्या टेम्पोत पलंग, शेगडी, मोरी असं सगळं बसवून घेतलं. ती गाडी त्यांच्या हक्काच्या पार्किंगमध्ये उभी राहिली आणि साहेबांचं पित्त खवळलं.

वार्षिक सभेत ते गरजले, "पार्किंग गाड्यांसाठी आहे. माणूस जिथे झोपतो, रांधतो, ते घर! उद्याच्या उद्या हलवा, नाहीतर क्रेनने उचलतो."

इंदूताई सावकाश उठल्या.

"घर म्हणता? मग सेक्रेटरी, तसं इतिवृत्तात लिहून घ्या. आपल्या नियमात दर घराला एक मत आणि एक पार्किंग. म्हणजे माझी आता दोन मतं झाली. मागच्या खेपेला साहेब एकाच मताने निवडून आले होते, नाही का? आणि या नव्या घराची पार्किंगची जागा कुठली, तेही आत्ताच दाखवा."

सभेत खसखस पिकली. साहेबांनी झडप घालून सेक्रेटरीचं पेनच धरलं. "लिहू नका! घर कसलं? चार चाकं आहेत, नंबरप्लेट आहे. गाडीच आहे ती!"

"मग गाडी पार्किंगमध्येच राहणार." इंदूताईंनी पिशवी काखोटीला मारली आणि तीस वर्षांच्या सवयीने आवाज चढवला, "चला साहेब, वाट अडवू नका. पुढे सरका!"