एका हाताची नाव

एक गाव नदीच्या दोन्ही काठांवर वसलं होतं. अर्धं ऐलतीरी, अर्धं पैलतीरी. उन्हाळ्यात लोक वाळू तुडवत एकमेकांकडे जात. पावसाळ्यात मात्र नदी दुथडी भरली, की एका गावाची दोन गावं होत.

गावात एक जुनी रीत होती. नवा नियम करायचा, तर दोन्ही तीरांच्या पंचांनी नदीच्या वाळवंटात एकाच घोंगडीवर बसायचं. एक जरी पंच उठून गेला, तरी बैठक मोडली. मग एकेक नियम व्हायला वर्ष वर्ष लागे. फक्त गावाच्या कोठारातल्या धान्याची वाटणी तेवढी खळ्यावर, उभ्या उभ्या, हात वर करून होई. ज्या बाजूला एक हात जास्त, तिचं म्हणणं खरं. बियाण्याचं धान्य कुणाच्या रुसव्यासाठी थांबून कसं चालेल? रीत शहाणपणाची होती.

ऐलतीरी हैबती नावाचा कारभारी राहत होता. माणूस कष्टाळू, मनाचा चांगला, पण भारी उतावळा. त्याची लेक गोजरा पैलतीरी दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण ऐन पुरात आलं. सुईण ऐलतीरी, लेक पैलतीरी, मधे नदी. बाळ हाती लागलं नाही. त्या दिवसापासून हैबतीला एकच ध्यास लागला. पावसाळ्यात चालेल अशी गावाची नाव हवी, आणि नावाडी कायमचा हवा.

त्यानं घोंगडी अंथरली. "धक्का जांभळीखाली बांधू. तिथनं सुईणीचं घर हाकेवर हाय," तो म्हणाला.

पैलतीरचे पंच सुभानजी म्हणाले, "नाव पायजेच. पन धक्का जांभळीखाली नगं."

"न्हाई म्हनायला तुमाला कायतरी लागतंच!" हैबती भडकला. सुभानजी उठून गेले आणि बैठक मोडली.

हैबतीला लेकीचा चेहरा आठवला की अन्न गोड लागेना. सुगी झाली, खळ्यावर वाटणीला पंच जमले. त्या साली ऐलतीरचा एक हात जास्त होता. हैबतीनं नावाड्याचं वर्षाचं धान्य आणि जांभळीखालचा धक्का, दोन्ही वाटणीतच घुसवलं.

एक म्हातारा पंच हळूच म्हणाला, "कारभारी, ह्ये घोंगडीवरचं काम. खळ्यावर कशापायी आनलंत?"

"काम झाल्याशी मतलब, आबा!"

एका हातानं नाव मंजूर झाली. पावसाळ्यात ती पाण्यात उतरली, पण पैलतीरच्या लोकांनी तिच्यात पाय ठेवला नाही. त्यांच्या काठचा गाळ कुणी काढला नाही, दोर बांधायला खुंटासुद्धा कुणी ठोकला नाही. नाव बिचारी रिकामीच हिंदकळत राहिली.

पुढच्या सुगीला पंच बदलले. आता पैलतीरचा एक हात जास्त झाला. त्यांनी खळ्यावरच नावाड्याचं धान्य काढून टाकलं.

"अवो, घोंगडी न्हाई, बैठक न्हाई, आसं कसं मोडता?" हैबती कळवळून म्हणाला.

"वाट तुमीच दावलीत की," सुभानजी म्हणाले.

नावाडी बिऱ्हाड आवरून गेला. आणि त्याच आठवड्यात पैलतीरहून निरोप आला, गोजराला पुन्हा दिवस गेलेत. हैबतीनं बोटांवर महिने मोजले. बाळंतपण परत पुरातच येत होतं.

दुसऱ्या सकाळी उठला तो वाळू तुडवत थेट सुभानजींच्या दारात गेला. ओट्यावर बसून पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "दादा, जांभळीखाली का नगं व्हतं?"

सुभानजींनी नदीकडे बोट केलं. "माझा धाकटा भाऊ तिथंच गेला. वरनं पानी शांत दिसतंय, पन आत भवरा हाय. तुमची नाव रिकामी फिरली, म्हनून वाचली."

हैबती उठून उभाच राहिला. "मग बोलला का न्हाई?"

"तुमी इचारलं कवा? आदी चिडलात, मग हात मोजत बसलात."

घोंगडी पुन्हा अंथरली गेली. पंच भांडले, रुसले, पण या वेळी कुणी उठलं नाही. धक्का नदीच्या वळणावर ठरला, नावाड्याला परत बोलावून त्याचं धान्यही ठरलं. ऐलतीरच्या लोकांना धक्क्यापर्यंत बरीच पायपीट होती. हैबतीनं ती मुकाट्यानं मान्य केली. पैलतीरच्यांनी आपल्या काठचा गाळ स्वतः उपसला.

पूर आला. एका दुपारी गोजराच्या कळा सुरू झाल्या. ऐलतीरहून सुईण नावेत बसली, शेजारी हैबती. पैलतीरी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोर झेलला तो सुभानजींनी. संध्याकाळच्या आत हैबतीच्या मांडीवर नात होती. तो हसतही होता आणि डोळेही पुसत होता.

त्या सुगीलाही पैलतीरचाच एक हात जास्त होता. एक नवा पंच खळ्यावर म्हणाला, "नावाड्याचं धान्य काढून टाकू. हात आपलाच जास्त हाय."

हैबती पुढे सरसावला. पण सुभानजींनीच त्या पंचाच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या घोंगडीवर मी बी बसलो व्हतो, बाबा. ती नाव माझी बी हाय."

एकही हात वर गेला नाही.

तात्पर्य: एका हाताच्या जोरावर केलेलं चांगलं कामही दुसऱ्या वर्षी एका हातानं मोडता येतं; पण ज्यात समोरच्याचंही म्हणणं घेतलेलं असतं, ते काम राखायला तो स्वतः पुढे येतो.